वाचक विचारतात: तिघांची शाळा एका घरात

प्रश्न: नमस्कार अक्का. आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात राहतो, मालक गोव्याला कामाला, पंधरा दिवसांनी येतात. मला तीन पोरं. मोठी बारा वर्षांची, मधला आठचा, धाकटीला आत्ताच चार पूर्ण झाली. वर्षाच्या मधेच गोव्याहून गावाकडं आलो, शाळा लांब, दोन बस बदलायच्या आणि पावसात बस कधी येतीय कधी नाही, म्हणून ठरवलं की यंदाचं वर्ष घरीच शिकवूया. टाइमटेबल करून भिंतीला लावलं, नऊ ते दहा गणित, दहा ते अकरा मराठी, असं. खरं पहिल्या आठवड्यातच जीव मेटाकुटीला आला की ओ. मोठीला काय सांगाय गेलं की मधला पेन्सिल हरवतोय, मधल्याजवळ बसलं की धाकटी वह्या फाडालीय. अकरापर्यंत माझा आवाज बसतो आणि दिवसभरात कुणाचंच धड काय झालेलं नसतं. मोठी गुणी आहे, तीच धाकटीला सांभाळते, मधल्याचा अभ्यासपण घेते, तिच्यामुळंच कसंतरी चाललंय. तीन इयत्ता एकटीनं कशा घ्यायच्या? तुमचा एक आठवडा कसा जायचा ते सांगा ना.

उत्तर: तुला तू म्हटलं तर चालेल ना, माझी थोरली आता कॉलेजात आहे म्हणून हक्कानं म्हणते. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि सगळ्यात जास्त थांबले ते शेवटाकडच्या एका वाक्यापाशी, मोठी गुणी आहे, तिच्यामुळंच चाललंय. तिथंच येणार आहे मी, पण आधी टाइमटेबलचं बोलूया.

भिंतीवरचा तो कागद आजच काढ. शाळेचं टाइमटेबल एका वयाच्या चाळीस पोरांसाठी असतं, एक बाई, एक फळा, एक धडा. तुझ्याकडं तीन वयाची तीन पोरं आहेत आणि चुलीवर भातपण आहे. तू तीन शाळा एका वेळी चालवाय बघतेस म्हणून आवाज बसतोय. तीन शाळा नाहीत चालवायच्या. विषय एकच घ्यायचा आणि त्यात तिघांना आपापल्या उंचीपर्यंत उतरू द्यायचं, विहिरीत कसं कुणी पायरीवर बसतं, कुणी कमरेपर्यंत पाण्यात, कुणी पोहतं, तसं. आणि त्याशिवाय रोज प्रत्येकाला थोडा वेळ फक्त त्याचा एकट्याचा. एवढं जमलं की बाकी आपोआप बसतं.

आणि हे काही आपण नवीन काढलेलं नाही. पूर्वीच्या पंतोजींच्या शाळेत ओसरीवर सगळ्या वयाची पोरं एकत्रच बसायची, धूळपाटीवर धाकटी अक्षरं गिरवायची आणि थोरली मोडी वाचायची. आणि आपल्या कर्नाटकात तर सरकारी शाळेत पहिली, दुसरी, तिसरी एकत्र बसवून शिकवायची नलि-कलि पद्धत आहे, म्हैसूरकडच्या एच. डी. कोटे तालुक्यात १९९५ च्या सुमारास सुरू झाली. नलि-कलि म्हणजे आनंदानं शीक. त्यात मूल आपल्या कार्डावर आपल्या वेगानं पुढं जातं, शेजारचं कुठल्या पायरीवर आहे त्याचं त्याला देणंघेणं नसतं. तुमच्या गावच्या कन्नड शाळेत नलि-कलिचा वर्ग असला तर एकदा जाऊन बाईंच्या परवानगीनं तासभर बसून ये, मी गेले होते, दहा पुस्तकं वाचून कळलं नसतं ते तासाभरात कळलं.

आता आठवडा. जुलैमधला एक सांगते, तेव्हा माझी पोरं साधारण तुझ्याच पोरांएवढी होती आणि आपल्याकडचा पाऊस तर तुला माहीत आहे, बाहेर पडायची सोयच नाही.

सोमवारी मधल्यानं विचारलं, पेपरात मिलिमीटर पाऊस लिहितात तो मोजतात कसा. झालं, विषय मिळाला. सरळ भिंतीचा आणि सपाट बुडाचा एक पत्र्याचा डबा अंगणात उघड्यावर ठेवला, पागोळ्यांखाली नाही. मधला म्हणाला मोठा डबा ठेवला तर जास्त पाऊस दिसेल. मी उत्तर सांगितलं नाही, म्हटलं ठेव की दोन. दुसऱ्या दिवशी पट्टी लावून बघतोय तर लहान डब्यात आणि मोठ्या डब्यात पाण्याची उंची सारखीच! त्याला ते पटेचना, तीन दिवस रोज दोन्ही डबे मोजले त्यानं, कुणी न सांगता वहीत तक्ता केला, तारीख, लहान डबा, मोठा डबा. अक्षर सुधारायला मी जे महिनाभर ओरडत होते ते त्या तक्त्यात सुधारलं, कारण पुढच्या दिवशी आपणच लिहिलेलं आपल्यालाच वाचायचं होतं. धाकटी तेवढा वेळ ओसरीवर तांब्यातनं पातेल्यात आणि पातेल्यातनं पेल्यात पाणी ओतत बसली. तोही अभ्यासच आहे बरं, किती पेले म्हणजे एक तांब्या हे हातानं कळल्याशिवाय पुढं लिटर डोक्यात शिरत नाही.

मंगळवारी थोरलीला एकच गोष्ट सांगितली, एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर ते बरोबर एक लिटर पाणी होतं. का होतं ते तिनंच काढलं, अर्धा तास गेला, जाऊ दे. मग म्हटलं आपल्या छपरावर काल किती पाणी पडलं सांग. डब्यात ४२ मिलिमीटर होतं. छप्पर मोजायला गेली आणि अडकली, कारण आमचं घर कौलारू, छप्पर उतरतं, मग कौलांची लांबी धरायची का खालच्या जमिनीची? तो प्रश्न मला सुचलाच नव्हता. दोघी कागदावर चित्र काढून बसलो तेव्हा कळलं की पाऊस वरनं येतो म्हणून खाली झाकलेली जमीनच धरायची. ती निघाली ५० चौरस मीटर, म्हणजे २१०० लिटर, एका दिवसात. पंधरा लिटरची घागर धरली तर १४० घागरी. मधल्यानं १४० रेघा मारून बघितल्या, विश्वास बसेना म्हणून. आणि उन्हाळ्यात आपण टँकरची वाट बघतो, हे थोरली आपणहून म्हणाली, मी काही शिकवण दिली नव्हती.

बुधवार पूर्ण फसला. तोही सांगायलाच पाहिजे, कारण दर आठवड्यात एक बुधवार येतोच. लाईट नाही, धाकटीला ताप, अचानक पाहुणे आले, मधल्यानं थोरलीची वही भिजवली आणि मी दोघांना पण बोलले, जे बोलायला नको होतं. त्या दिवशी फक्त रात्री कंदिलापाशी गोष्ट वाचली वीस मिनिटं, तिघं मांडीला मांडी लावून. मी एक नियम केलेला, काहीच झालं नाही तरी मोठ्यानं वाचन चुकवायचं नाही. थोरलीच्या उंचीचं पुस्तक घ्यायचं, धाकटीला सगळं कळायची गरज नाही, ती आवाज ऐकत झोपते आणि चार दिवसांनी त्यातला एखादा शब्द बरोबर जागी वापरून आपल्याला चकित करते. फसलेल्या दिवसाची भरपाई गुरुवारी करायला जाऊ नकोस, दोन दिवसांचं एका दिवसात कोंबलं की गुरुवारही बुधवार होतो.

गुरुवारी ओसरीच्या फरशीवर खडूनं तालुक्याचा नकाशा. हे तू खानापूरची आहेस म्हणून मुद्दाम सविस्तर सांगते, तुझ्या पोरांच्या पायाखालची गोष्ट आहे. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि पूर्वेकडं जाते, सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात अडते, पुढं बागलकोट जिल्ह्यात कूडलसंगमला कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. आणि त्याच खानापूर तालुक्यातल्या भीमगडच्या रानातनं म्हादई निघते ती पश्चिमेला, गोव्यात तिची मांडवी होते आणि अरबी समुद्राला मिळते. एकाच तालुक्यात पडलेले दोन थेंब, एक या समुद्राला आणि एक त्या. हे कसं होतं ते दाखवायला आम्ही दोन पाटांवर ताडपत्रीचा तुकडा टाकून मधोमध उंच केला आणि वरनं झारीनं पाणी सोडलं. मधला झारी धरून, धाकटी कागदाच्या होड्या सोडून, थोरली नकाशात नद्या रंगवून. जलविभाजक हा शब्द मी सगळं झाल्यावर सांगितला. आधी सांगितला असता तर तो पाठ करायचा शब्द झाला असता. तुमचे मालक गोव्याला कामाला आहेत म्हणजे तुझ्या पोरांना तर आणखीनच मजा येईल, आपल्या रानातलं पाणी पप्पांकडं जातं.

शुक्रवारी बाजार. यादी मधल्यानं लिहायची, हिशोब थोरलीनं तोंडी करायचा, रताळी सव्वा किलो, बटाटे अडीच किलो असं मुद्दाम अडनिडं घ्यायचं. धाकटीनं पिशवीत काय काय गेलं ते घरी येऊन सांगायचं. भाजीवाल्या मावशीशी कन्नडमधे बोलायचं काम मधल्याकडं, एष्ट री, कम्मी माड्री, म्हणजे किती हो, कमी करा, एवढ्यावर सुरू झाला आणि वर्षाअखेर तिच्या घरी नातू झालेलं पण त्यालाच आधी कळलं.

शनिवारी सुतळी. हॉलमधे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुतळी बांधली, दहा वर्षांना एक सेंटिमीटर, आणि त्यावर चिमट्यांनी कागद लावायचे. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती १२०४ सालची, तिथनं २०२४ पर्यंत ८२० वर्षं, म्हणजे ८२ सेंटिमीटर. कित्तूरची राणी चन्नम्मा इंग्रजांशी लढली ते १८२४. तिच्याच सैन्यातल्या संगोळ्ळी रायण्णाला फाशी दिली १८३१, तुमच्याच नंदगडला, समाधी आहे तिथं. गांधीजी अध्यक्ष असलेलं काँग्रेसचं एकमेव अधिवेशन बेळगावचं, १९२४. मग थोरलीनं आजोबांचा जन्म लावला, मधल्यानं स्वतःचा, आणि धाकटीनं आपला फोटो सुतळीच्या अगदी टोकाला लावून ठेवला. मधला सुतळीकडं बघत म्हणाला, आजोबा आणि मी येवढे जवळ? त्याला वाटायचं आजोबा आणि शिवाजी महाराज एकाच काळातले. ही सुतळी काढायची नाही, वर्षभर राहू दे, जे जे वाचाल ते तिच्यावर चढवत जायचं. त्या पोटी हलशीची देवळं बघायला जायचं निमित्तपण मिळतं, कदंबांच्या काळातली.

रविवारी अभ्यास नाही. मी फक्त वहीत चार ओळी लिहायची, या आठवड्यात कुणी काय केलं. ही वही पुढं फार कामाला येते, ते खाली दुसऱ्या उत्तरात सांगते.

रोजचा दिवस कसा, तर सकाळी न्याहरीनंतर तिघं एकत्र, पाढे, वाचन आणि आठवड्याचा विषय, तासाभराच्या आत. मग पहिला नंबर धाकटीचा. आपण काय करतो, मोठ्यांना आधी घेतो आणि लहानाला म्हणतो थांब, मग ते लहान वह्या फाडतं. फाडणारच, त्याला दुसरं काय येतं लक्ष वेधायला. उलट करून बघ, पंधरा मिनिटं फक्त तिच्याजवळ बस, मोबाईल लांब, तिला मांडीवर घे, तिचंच खेळणं खेळ. पोट भरलं की पोर आपोआप बाजूला जातं आणि नंतर अर्धा-पाऊण तास आपलं आपण खेळतं. तिच्यासाठी एक पत्र्याची ट्रंक कर जी फक्त अभ्यासाच्या वेळेला उघडायची, त्यात जुने वाढायचे डाव, झाकणं, कापडाचे तुकडे, खडू, पाटी. चिंचोके वगैरे तोंडात घालायची सवय पूर्ण गेली असेल तरच दे.

त्यानंतर मधला, गणित आणि वाचन मिळून तास-दीड तास पुष्कळ झाला आठ वर्षांच्या पोराला, समोर बसून शिकवलं तर तेवढ्यात होतं. शाळेतले सहा तास ऐकून घाबरू नकोस, त्यात रांगा, हजेरी, दुसऱ्यांची वाट बघणं सगळं आलं. तेवढा वेळ थोरली आपलं आपण वाचत किंवा लिहीत असते.

आणि आता थोरली. माझ्याकडनं काय झालं ते सांगते. पहिले तीन-चार महिने माझी थोरली माझा उजवा हात होती. धाकटीला भरव, मधल्याचे पाढे घे, सगळं ती करायची, आणि आपल्याकडच्या पोरींसारखं मी करतो की म्हणून धावायची. आल्यागेल्याला मी कौतुकानं सांगायचे. एक दिवस तिची गणिताची वही उघडली तर तारीख महिन्यापूर्वीची, एक उदाहरण अर्धं सोडलेलं. मी विचारलं हे पुढं का नाही केलं, तर अजिबात न चिडता म्हणाली, आई, माझा नंबर कधी येतोय याची वाट बघत होते. त्या रात्री मला झोप आली नाही. दोन पोरांची शाळा भरावी म्हणून तिसरीची मीच बंद केली होती, आणि ती मुलगी आहे, थोरली आहे, म्हणून मला ते दिसलंही नाही. मुलगा थोरला असता तर मी त्याला येवढं राबवलं असतं का हे मी स्वतःला विचारलं, आणि उत्तर मला आवडलं नाही.

तेव्हापासून दुपारी दोन ते साडेतीन धाकटी झोपते ती वेळ थोरलीची, बाकी कुणाची नाही. मधल्याला तेव्हा पुस्तक घेऊन माडीवर पाठवायचं, दारात कुणी आलं तर बाहेरच बोलायचं, भांडी तशीच राहू दे. तिचं बीजगणित, तिचं इंग्रजी, आणि कधी कधी नुसत्या गप्पा, बारा-तेराच्या पोरीला त्या पण लागतात. धाकट्यांना शिकवणं वाईट नाही हं, उलट शिकवताना शिकवणाऱ्याचं पक्कं होतं. अठराव्या शतकाच्या शेवटी मद्रासमधे अँड्र्यू बेल नावाच्या स्कॉटिश पाद्र्यानं आपल्याकडची पोरं वाळूत अक्षरं गिरवताना बघितली, मग मोठ्या पोरांनी धाकट्यांना शिकवायची रीत आपल्या शाळेत घातली आणि ती इंग्लंडपर्यंत नेली. पण दिवसाला पंधरा-वीस मिनिटं, आणि तिनं हो म्हटलं तर. नाही म्हणायची मुभा तिला खरोखर असायला पाहिजे. तू आज तिची गणिताची वही उघडून शेवटची तारीख बघ.

प्रश्न: आम्ही निपाणीचे. नात पाच वर्षांची, नातू नऊचा, दोघं घरी शिकतात, मुलगा आणि सून नोकरी करून संध्याकाळी शिकवतात आणि दिवसभर माझ्याकडं असतात. माझे दोन प्रश्न. एक म्हणजे मराठी, कन्नड, इंग्रजी यातलं आधी काय घ्यावं? नातू ४२ सांगितले की २४ लिहितो, तीन भाषांमुळं गोंधळला आहे असं सगळे म्हणतात. दुसरं, हे घरी शिकवणं कायद्यात बसतं का आणि उद्या दहावीला बसायचं तर कसं? एक आजोबा.

उत्तर: आजोबा, आधी २४ चं सांगते कारण त्यात नातवाचा काही दोष नाही. मराठीत आपण बेचाळीस म्हणतो, बे आधी आणि चाळीस नंतर, म्हणजे कानावर दोन पहिल्यांदा येतो आणि पोर ऐकलं तसं दोन आधी लिहितं. कन्नडमधे तेच नलवत्तेरडु, नलवत्तु म्हणजे चाळीस आधी आणि एरडु म्हणजे दोन नंतर, लिहायच्या क्रमानंच. एकवीस आणि इप्पत्तोंदु, तसंच. तेव्हा कन्नडमुळं गोंधळ होतोय म्हणण्यापेक्षा कन्नडचाच उपयोग करून घ्या. आकडा मराठीत सांगा, त्याला कन्नडमधे म्हणू द्या आणि मग लिहू द्या. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधून चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या हातात द्या. माझ्या मधल्याचं हे महिन्याभरात सुटलं.

वाचायला मात्र आधी घरातली भाषा, म्हणजे तुमच्याकडं मराठी. ज्या भाषेत पोर भांडतं आणि स्वप्नं बघतं त्या भाषेत वाचायला शिकलं की वाचणं म्हणजे काय हे त्याला एकदा कळतं, ते दुसऱ्या लिपीला परत शिकवावं लागत नाही. कन्नड आधी कानानं, गल्लीत, बाजारात, आणि लिपी एक-दीड वर्षानं. आपल्या बाराखडीला त्यांच्यात कागुणित आहे, क ख ग घ चा क्रम तोच, त्यामुळं पोरं पटकन उचलतात, फक्त एक जागा अवघड जाते. कन्नडमधे ए आणि ओ दोन-दोन प्रकारचे आहेत, ऱ्हस्व आणि दीर्घ, आपल्या कानाला तो फरक जाणवत नाही, तिथं बोलणाऱ्या माणसाकडनंच ऐकून घ्यावं लागतं. शेजारी कन्नड आजी असतील तर नातीला त्यांच्याकडं तासभर सोडा. दोन्हीकडं सारखे शब्द शोधायचा खेळ करा, तूप आणि तुप्प, अक्का आणि अक्क, खुर्ची आणि कुर्ची, आमच्याकडं फ्रिजवर अशी यादीच होती. कन्नड टाळू नका हे मात्र मनापासून सांगते. आपल्या भाषेवर प्रेम आहे म्हणून शेजारची शिकायची नाही असं पोरांना वाटायला नको, आणि पुढं इथल्या शाळेत घालायची वेळ आली तर कन्नड विषय असणारच, २०१५ पासून तसा कायदाच आहे.

कायद्याचं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, ६ ते १४ वयाच्या पोरांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण. मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे असं त्यात लिहिलंय, पण नाही घातलं तर पालकांना शिक्षा असं कलम त्यात नाही. घरच्या शिक्षणाला वेगळी मान्यता दिलेली पण नाही. म्हणजे दोन्ही बाजू ध्यानात ठेवून चालायचं. एक मोठा आधार त्याच कायद्यात आहे, शाळेबाहेर असलेल्या पोराला कधीही त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश मिळायला पाहिजे, म्हणजे नातू दहा वर्षांचा होऊन शाळेत गेला तर त्याला पहिलीत बसवायचं नाही. तेव्हा परतीची वाट बंद नाही.

दहावीला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, सगळे एनआयओएस म्हणतात, केंद्र सरकारची, १९८९ ची. त्यांच्या मूलभूत स्तराला ए, बी, सी अशा तीन पायऱ्या, त्या तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीच्या. दहावीला वय १४ पूर्ण लागतं, पाच विषय, मराठी माध्यम पण घेता येतं. परीक्षा वर्षातनं दोनदा, एप्रिलच्या आणि ऑक्टोबरच्या सुमारास, आणि एकदा नोंदणी केली की पाच वर्षांत नऊ संधी, एक-एक दोन-दोन विषय करून पण देता येतात. माझ्या थोरलीनं तसंच केलं, आधी दोन, मग तीन. जन्मदाखला आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर सारखं आहे का तेवढं आत्ताच बघून ठेवा, मराठीचं कन्नडमधे आणि कन्नडचं इंग्रजीत जाताना आपल्या सीमाभागात नावाची फार ओढाताण होते, आमचे तीन महिने त्यातच गेले. आणि वर सांगितलेली ती रविवारची वही ठेवा, तारखेसकट. शाळेत प्रवेशाच्या वेळेला, चौकशीला कुणी आलं तेव्हा, आणि सगळ्यात जास्त म्हणजे पोरं काहीच शिकत नाहीत असं वाटून आपलाच धीर सुटतो तेव्हा, ती वहीच उपयोगी पडते.

प्रश्न: वडगावात राहते, घरात माग आहे, दोन पोरं घरी शिकतात. शेजारी म्हणतात एकलकोंडी होतील. काय उत्तर देऊ?

उत्तर: उत्तर देत बसू नका. पाच वाजता पोरं गल्लीत खेळतात का तेवढं बघा. खेळत असतील तर काळजी नाही. आठवडाभर एकही बाहेरचं पोर घरात आलं नसेल तर मात्र शेजाऱ्यांचं म्हणणं ऐकायचं आणि व्यायामशाळा, भजन, गणपतीतलं नाटक, जिथं वेगवेगळ्या वयाची पोरं असतात तिथं त्यांना घालायचं. आणि घरात माग आहे म्हणता, तर ताणा किती धाग्यांचा, एका साडीला सूत किती लागतं हे पोरांना मोजू द्या की, ते कुठल्या पुस्तकात मिळणार नाही.

प्रश्न: सासूबाई चौथी शिकलेल्या. त्यांना पोरांना शिकवायची फार हौस आहे, पण नवऱ्याला वाटतं जुन्या पद्धतीनं पोरं बिघडतील. त्यांना कुठला विषय देऊ? हिंडलग्याहून.

उत्तर: पाढे द्या, आणि नुसते नाही, पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, औटकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड आणि साडेतीनचे पाढे, सगळे. अपूर्णांक पाचवीत पोरांना जड जातात कारण ते कागदावरच पहिल्यांदा भेटतात, ज्या पोराच्या तोंडात सवायकी आहे त्याला सव्वापट म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. मोठ्याला औटकी आणि धाकट्याला बे एके बे, दोघं एकाच वेळी आजीसमोर बसू शकतात, तेवढा अर्धा तास तुम्हाला मोकळा. नवरोबांना पण एकदा जवळ बसवा आणि सासूबाईंना विचारा, औटकीत सातावर किती. त्या साडेचोवीस म्हणतील, आणि नवरोबा तोवर मोबाईल काढत असतील तर त्यांनाही त्याच अर्ध्या तासाला बसवायचं.